जुन्या गाडीला मोठी चाकं: शोभा कुठे संपते आणि धोका कुठे सुरू होतो?

एक जुनी प्रीमियर पद्मिनी. रंग नवा, क्रोम चकचकीत, काचा स्वच्छ. आणि खाली सतरा-अठरा इंची काळी अलॉय चाकं. असं रील मोबाईलवर आलं की कमेंट्समध्ये लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, कडक दिसतेय. दुसरा म्हणतो, चांगल्या गाडीची वाट लावली.

वरवर पाहता हा आवडीनिवडीचा वाद आहे. पण त्यामागे गाडीची सुरक्षितता, तिची किंमत आणि कायदा अशा तीन गोष्टी दडल्या आहेत. हा प्रश्न आत्ता महत्त्वाचा ठरण्याचं आणखी एक कारण आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या फियाटला १९७४ मध्ये 'पद्मिनी' हे नाव मिळालं. म्हणजे त्या नावाच्या सुरुवातीच्या गाड्या आता पन्नाशी ओलांडत आहेत. आणि भारतात ५० वर्षं हीच 'व्हिंटेज' दर्जाची रेषा आहे.

मग मोठी चाकं बसवली तर या दर्जाचं काय होतं? आणि बसवायचीच असतील, तर नीट कशी बसवावीत?

लोक मोठी चाकं का बसवतात?

पहिलं कारण अर्थातच दिसण्याचं. आजच्या गाड्यांवर सोळा, सतरा, अठरा इंची चाकं सर्रास असतात. त्यामुळे डोळ्यांना तेच प्रमाण सवयीचं झालं आहे आणि जुन्या गाडीची चाकं बारीक वाटू लागतात.

दुसरं कारण व्यावहारिक आहे. जुन्या मापाचे टायर सहज मिळत नाहीत. पद्मिनीला मुळात ५.२०-१४ आणि अँबेसेडरला ५.९०-१५ मापाचे क्रॉस-प्लाय टायर येत. आता बाजार रेडियल टायरचा आहे. परदेशातही हीच अडचण आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन 'मसल कार'ना बहुतेक १४ किंवा १५ इंची चाकं असत. त्या मापात आज चांगली पकड देणाऱ्या टायरचे पर्याय मर्यादित आहेत. म्हणून तिथे 'प्रो-टूरिंग' नावाचा प्रकार रुजला. त्यात बाहेरचं रूप जुनंच ठेवून आतले ब्रेक, सस्पेंशन आणि चाकं आधुनिक केली जातात. चाकं साधारण १७-१८ इंची असतात.

तिसरं कारण ब्रेक. मोठी डिस्क बसवायची तर ती लहान रिमच्या आत मावत नाही. रिम मोठी करावीच लागते.

इंच वाढले म्हणजे चाक मोठं झालं का?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. '१६ इंची चाक' म्हणजे रिमचा व्यास १६ इंच. रस्त्यावर फिरणारं चाक म्हणजे रिम अधिक टायर. नीट केलेल्या बदलात रिम मोठी होते, पण टायरची उंची तेवढीच कमी केली जाते. त्यामुळे एकूण व्यास जवळपास तोच राहतो.

एक उदाहरण घेऊ. आज अनेक छोट्या गाड्यांवर १६५/८० आर १४ हे माप दिसतं. यात १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते, आणि १४ म्हणजे रिम. या चाकाचा एकूण व्यास साधारण ६२० मिमी भरतो. आता १८५/६५ आर १५, १९५/५५ आर १६ आणि २०५/४० आर १८ ही मापं पाहा. तिन्हींचा व्यास ६२१ मिमीच्या आसपासच येतो. रिम चार इंचांनी वाढली, तरी चाकाची उंची हलली नाही.

मग बदललं काय? टायरची भिंत, म्हणजे रिमची कड आणि रस्ता यांच्यामधली रबराची उंची. १४ इंचाला ती १३२ मिमी होती. १५ ला १२०, १६ ला १०७ आणि १८ ला फक्त ८२ मिमी. खड्ड्याचा दणका हीच भिंत झेलते. ती बारीक झाली की दणका रिमला बसतो. पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर रिम वाकण्याचं आणि टायरला फुगा येण्याचं एक कारण हेच असतं.

व्यासातला फरक मूळ मापाच्या सुमारे तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा टायर व्यवसायातला साधारण नियम आहे. तो मोडला तर काय होतं? समजा, वरच्याच गाडीला २२५/५५ आर १८ बसवले. व्यास सुमारे ७०५ मिमी होतो, म्हणजे जवळपास १४ टक्के जास्त. स्पीडोमीटर ताशी ६० किमी दाखवत असेल, तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६८ ने धावत असते. ब्रेक तेवढाच दाबला तरी रस्त्यावर मिळणारा जोर सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. इंजिनाच्या ओढीचंही तेच. पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन आणि जुने ड्रम ब्रेक यांच्याकडे उधळायला इतकी ताकद मुळातच नसते.

न दिसणाऱ्या तीन गोष्टी

गॅरेजमध्ये चाक बसलं आणि मडगार्डला घासत नाही, एवढ्यावर अनेकांचं समाधान होतं. पण खरी तपासणी त्यानंतर सुरू होते.

पहिली गोष्ट, बोल्टचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी. चार बोल्टच्या चाकांत ९८ मिमी आणि १०० मिमी अशी दोन्ही वर्तुळं सापडतात. दोन मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही. जोर लावला की नट आवळलाही जातो. पण चाक मधोमध बसत नाही, नट तिरका बसतो आणि बोल्टवर सतत ताण येत राहतो. हबच्या मधल्या छिद्राचं माप चुकलं तरी वेगात गाडी थरथरू लागते.

दुसरी गोष्ट, ऑफसेट. चाक हबपासून किती आत किंवा बाहेर बसतं, याचं हे माप. रुंद चाक आत सस्पेंशनला लागू नये म्हणून ते बाहेर काढलं जातं, कधी त्यासाठी स्पेसर लावला जातो. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर आणि स्टीअरिंगच्या सांध्यांवर भार जास्त. हे भाग अरुंद टायरच्या हिशेबाने बनवलेले असतात. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत रुंद टायरमुळे पार्किंग करताना हातही भरून येतात.

तिसरी गोष्ट, वजन. अलॉय म्हणजे हलकं, असा समज आहे. पण स्वस्त ओतीव अलॉयची मोठी रिम जुन्या लोखंडी रिमपेक्षा जड भरू शकते. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते वाढलं की जुने पाटे आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांना चाक रस्त्याला धरून ठेवणं अवघड जातं.

'शोभून दिसणं' म्हणजे नेमकं काय?

सौंदर्याला सूत्र नसतं, पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत काही निरीक्षणं मात्र वारंवार खरी ठरतात.

जुन्या गाडीच्या रेखाटनात टायरची जाड भिंत गृहीत धरलेली असते. मडगार्डची कमान, बॉडीची उंची, दरवाजाखालची रेषा हे सगळं तिच्याशी जुळवलेलं असतं. पांढऱ्या पट्ट्याचे टायर शोभतात ते त्यामुळेच. ही भिंत अगदी पातळ झाली की गाडी पायाला पट्ट्या गुंडाळल्यासारखी दिसते. म्हणूनच एक किंवा दोन इंचांची वाढ बहुतेक वेळा पचते आणि चार इंचांची खटकते.

दुसरं, चाकाची नक्षी गाडीच्या काळातली हवी. याचं सर्वाधिक चर्चेतलं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या 'सिंगर' कंपनीचं. ही कंपनी १९८९ ते १९९४ दरम्यानच्या 'पोर्शे ९११'च्या ९६४ या पिढीतल्या गाड्या घेऊन त्यांना साठ-सत्तरच्या दशकातलं रूप देते. १९६६ मध्ये '९११ एस'वर आलेलं पाच पाकळ्यांचं 'फुक्स' चाक १५ इंची आणि जेमतेम साडेचार इंच रुंद होतं. सिंगरच्या अनेक गाड्यांवरची चाकं १७ इंची आहेत, शिवाय बरीच रुंद. तरीही पाहणाऱ्याला आधी 'जुनी पोर्शे'च दिसते, कारण पाकळ्या त्याच ठेवल्या आहेत. माप वाढलं, पण ओळख तीच राहिली.

तिसरं, आत काय दिसतं? उघड्या आऱ्यांच्या मोठ्या चाकामागे छोटासा ड्रम ब्रेक दिसला की सगळा रुबाब उतरतो. ड्रम ब्रेक तसेच ठेवायचे असतील, तर भरीव चेहऱ्याची रिम किंवा व्हील कॅप जास्त शोभते.

अर्थात, 'शोभून दिसणं' ही कल्पना सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या मायामी परिसरात १९७१ ते १९७६ दरम्यानच्या शेव्हर्ले इम्पाला आणि कॅप्रिस गाड्यांना २४-२६ इंच किंवा त्याहून मोठी चाकं लावून त्या उंच केल्या जातात. त्यांना 'डाँक' म्हणतात. तिथे संयम हा हेतूच नसतो; लक्ष वेधून घेणं, हाच हेतू असतो. ती त्या लोकांची स्वतःची परंपरा आहे आणि तिला थेट 'वाईट चव' म्हणणं उथळपणाचं ठरेल. मात्र भौतिकशास्त्राचे नियम त्यांनाही सुटलेले नाहीत. इतक्या मोठ्या चाकांना साजेसे ब्रेक नसतील, तर धोका तिथेही तितकाच असतो.

भारतातला कायदा काय सांगतो?

इथे दोन वेगळे नियम एकमेकांत मिसळले जातात.

पहिला, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाने करू नये, असं ते सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवताना हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे चाक बदललं की गुन्हाच, असं नाही. उत्पादक स्वतःच एका मॉडेलच्या वेगवेगळ्या प्रकारांना वेगळी चाकं देतात. पण त्या मर्यादेबाहेर गेल्यावर आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही प्रश्न विचारायला जागा मिळते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दावा अडवू शकतो.

दुसरा, जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेला व्हिंटेज वाहनांचा नियम. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

या नियमातली कळीची अट म्हणजे गाडीत मोठा फेरबदल झालेला नसावा. चासी, बॉडी आणि इंजिनातले बदल त्यात स्पष्ट लिहिले आहेत. चाकांचं नाव तिथे नाही. पण रुंद टायर मावावेत म्हणून मडगार्डची कमान कापली, तर तो बॉडीतला बदल झाला. म्हणजे चाक स्वतः कदाचित अडचणीचं ठरणार नाही, पण ते बसवण्यासाठी चालवलेलं ग्राइंडर ठरेल. शिवाय 'मूळ स्वरूप' ही अट वेगळी आहेच, त्यामुळे तपासणीला गाडी मूळ चाकांवर नेणं केव्हाही शहाणपणाचं.

जर्मनीतही विचार असाच आहे. तिथे ३० वर्षांहून जुन्या गाडीला 'एच' अक्षराची ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते. त्यासाठी केलेले बदल गाडीच्या काळाशी सुसंगत असावे लागतात. सत्तरच्या दशकातल्या गाडीवर त्याच काळातली शर्यतीची चाकं चालू शकतात, कालपरवाच्या नक्षीची चालत नाहीत.

मग मालकाने काय करावं?

जगभरच्या जाणकारांचा सूर एका शब्दावर येऊन थांबतो. केलेला बदल परतीचा हवा. म्हणजे काहीही न कापता, न जोडता चाकं बसवायची आणि हवं तेव्हा गाडी पुन्हा मूळ रूपात आणता यायला हवी.

प्रत्यक्षात याचा अर्थ सोपा आहे. रिममध्ये एक-दोन इंचांपलीकडे जाऊ नये. एकूण व्यास मूळ मापाच्या जवळ ठेवावा. स्पेसर टाळावा. पीसीडी मोजूनच रिम घ्यावी. चाकांआधी ब्रेक, बेअरिंग आणि स्टीअरिंगचे सांधे तपासावेत. टायरवर छापलेला चार अंकी आकडाही पाहावा. त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी कोरी दिसत असली, तरी वर्षानुवर्षं उभ्या गाडीवरचं रबर कडक झालेलं असू शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काढलेल्या मूळ रिम आणि व्हील कॅप भंगारात देऊ नयेत. आज त्यांचे किलोवर दोन-चारशे रुपये मिळतील. उद्या गाडी विकताना किंवा 'व्हीए' नंबरसाठी अर्ज करताना तसाच संच शोधायला जुन्या बाजारात चपला झिजवाव्या लागतील. पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेल्या त्या पाच रिम, स्टेपनीसकट, हाच त्या गाडीचा परतीचा रस्ता आहे.