पाइप आणि खर्रा : शाळा एकच, फी वेगळी

तंबाखूचा पाइप ओढणं शिकावं लागतं. सिगारेटसारखं पेटवलं, ओढलं, झालं, असं इथे चालत नाही. आमच्या या तालुक्याच्या गावात पाइप म्हणजे एकतर नळाचा, नाहीतर जुन्या हिंदी सिनेमातल्या शेठच्या तोंडातला. पण गेल्या एक-दोन वर्षांत पुण्या-बंगळुरूहून सुटीत घरी येणाऱ्या तीन-चार पोरांजवळ मी तो पाहिला. सगळे शिकलेले, चांगल्या नोकरीतले. "काका, शिकून राहिलो सध्या," असं सगळेच म्हणतात. म्हणून आज हा विषय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी हे शिकणं काय असतं ते सांगतो, कारण त्यात बारकावे खरंच आहेत. चांगला पाइप ब्रायरचा. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ येते, तिचं हे लाकूड. ते उष्णता सोसतं, सहजी जळत नाही. त्यात तंबाखू तीन थरांत भरायची. खालचा थर लहान लेकराच्या हाताने दाबल्यासारखा, मधला बाईच्या, वरचा पुरुषाच्या, असं जुने शौकीन शिकवतात. (बाईचा हात हलका असतो हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे, आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बायांचे हात त्यांनी पाहिलेले नाहीत.) मग काडी लावायची, ती फक्त वरचा थर काळा करण्यापुरती. तंबाखू फुगून वर येते, ती हलकेच दाबायची आणि पुन्हा काडी लावायची. त्यानंतर सावकाश, घोट-घोट ओढायचं. घाई केली की भांडं तापतं आणि जीभ पोळते. सारखा विझतो म्हणून नवशिका वैतागतो, तर जुना माणूस सांगतो, विझू दे, पुन्हा पेटव. ओढून झालं की तारेच्या काडीने नळी साफ करायची आणि पाइपला एक दिवस विश्रांती द्यायची.

आता एवढी शिस्त, एवढी निगा ज्याला लागते, ती गोष्ट वाईट कशी असेल, असं वाटायला लागतं. इथेच खरी गोम आहे.

या पोरांतला एक मला म्हणाला, "काका, पाइपचा धूर गिळायचाच नसतो. तोंडात खेळवायचा अन् सोडून द्यायचा. फुप्फुसात जातच नाही, मग धोका कुठला?" पोरगा इंजिनिअर आहे, वाचून बोलत होता. तेव्हा त्याला उत्तरही नीटच द्यायला हवं.

सिगारेटचा धूर साधारण आम्लधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडात फारसं शोषलं जात नाही, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. पाइपच्या आणि सिगारच्या बऱ्याच तंबाखूंचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटिन गालाच्या आणि हिरडीच्या आतल्या नाजूक कातडीतूनच रक्तात उतरतं. म्हणजे धूर गिळावा लागत नाही, कारण गिळायची गरजच उरत नाही.

आता आपल्या चौकात या. खर्रा घोटताना त्यात चुना का घालतात? चुना अल्कधर्मी. तो तंबाखूतलं निकोटिन मोकळं करतो आणि ते तोंडातूनच अंगात जातं. आपली आजी शाळेत गेली नव्हती, पण चुन्याशिवाय तंबाखू चढत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. इंजिनिअरच्या हातातला काही हजारांचा पाइप आणि पानठेल्यावर पन्नीत घोटलेला वीस-पंचवीस रुपयांचा खर्रा, दोन्ही एकाच दाराने आत शिरतात. फरक आहे तो दारावरच्या पाटीत.

आणि त्या दाराशी काय घडतं हे जगाला काल कळलेलं नाही. १७९५ मध्ये झोमरिंग नावाच्या जर्मन वैद्याने नोंद करून ठेवली होती, की पाइप ओढणाऱ्यांना खालच्या ओठाचा कर्करोग जास्त होतो. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा जो गाजलेला अहवाल आला, त्याने सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं सरकारी शिक्क्याने मांडलं. पाइप आणि ओठाच्या कर्करोगाचं नातंही त्याच अहवालात मान्य झालं आहे. सिगारेटचं लोकांच्या लक्षात राहिलं, पाइपचं विसरलं गेलं.

त्या पोराच्या बाजूचंही खरं ते सांगतो. ज्यांनी आयुष्यभर फक्त पाइप ओढला आणि धूर छातीत घेतला नाही, त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटवाल्यांपेक्षा कमी असतो. कमी असतो, नसतो असं नाही. तोंड, घसा, अन्ननलिका यांचा धोका तर उरतोच. शिवाय ज्याला आधी सिगारेटची सवय आहे, त्याची छाती पाइपचाही धूर सवयीने आत ओढते. "सिगारेट सोडली, पाइपवर आलो" हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण ते तंबाखू सोडणं नव्हे. एका डब्यातून उतरून त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यात बसणं आहे.

आता मला ज्याचा खरा राग येतो ते बोलतो.

माझ्या ओळखीतलं एक घर. वडील शिक्षक होते, आता निवृत्त. तीस वर्षं खर्रा खातात. तोंड आता पुरतं उघडत नाही, दोन बोटंही जेमतेम जातात. त्याला डॉक्टरांच्या भाषेत मोठं नाव आहे आणि त्याचं मुख्य कारण सुपारी. घरात त्यांच्यावर दिवसभर ओरड असते. "थुंकू नका, पाहुणे आले, चूळ भरा." त्याच घरातला मुलगा बाल्कनीत पाइप घेऊन बसला, की त्याची आई पाहुण्यांना कौतुकाने सांगते, "याला असले वेगळेच शौक आहेत." बापाचं ते व्यसन आणि मुलाचा तो शौक. बापाच्या खर्र्याला घरात जागा नाही आणि मुलाच्या पाइपला दिवाणखान्यात लाकडी स्टँड आहे.

मी त्या माउलीला दोष देत नाही. आपण सगळेच असं बोलतो. चावडीवर चिलीम ओढणारा म्हातारा गावंढळ. चिलीमही पाइपच की! मातीची, उभी धरायची, तोंडाशी ओलं फडकं लावून ओढायची. तिचीही भरण्याची रीत आहे, तिलाही हात बसावा लागतो. पण तिला कोणी कला म्हटलं नाही, कारण ती ओढणाऱ्याच्या अंगावर बंडी होती. शेरलॉक होम्सच्या तोंडात गेला की तोच धूर बुद्धीचं लक्षण होतो.

मंडळी, धुराला जात नसते आणि पगारही नसतो. पण आपल्या नजरेला दोन्ही असतात. म्हणून जनजागृतीचं भित्तिपत्रक नेहमी मजुराच्या वस्तीत लागतं आणि बाल्कनीत बसलेल्याला कोणी काही बोलत नाही.

शाळा एकच आहे असं मी म्हणतो, त्याचं आणखी एक कारण आहे. पहिल्यांदा तंबाखू खाल्ली की काय होतं, हे आपल्याकडे कोणालाही विचारा. "लागते." डोकं गरगरतं, घाम फुटतो, उचकी लागते, मळमळतं, कोणाला उलटी होते. मग शेजारचा अनुभवी गडी हसतो आणि सांगतो, "पाणी पी, गूळ खा, बसून राह्य. दोन-चार दिवसांत सवय होते." पाइप शिकवणारेही नवशिक्याला हेच सांगतात. उपाशीपोटी ओढू नको. गरगरलं तर पाइप खाली ठेव, काहीतरी गोड खा. पुढच्या वेळी कमी भर, हळूहळू सवय होईल. अख्ख्या जगात तंबाखूच्या बालवाडीचा पहिला धडा हाच आहे.

त्या धड्याचा अर्थ नीट बघा. शरीर पहिल्याच दिवशी स्पष्ट "नको" म्हणतं. ते "नको" ऐकू येऊ नये म्हणून जे शिकवलं जातं, त्याला आपण शिकणं म्हणतो. थर कसे लावायचे, काडी कशी धरायची, चुना किती घ्यायचा हे सगळं वरवरचं. खरा अभ्यासक्रम एकच, स्वतःच्या शरीराचं तोंड बंद करणं. ते जमलं की माणूस पास झाला. मग सोडायचं म्हटलं की तेच शरीर उलटं ओरडतं, "हवं."

आपल्या मुलखातलाच एक जुना किस्सा आहे. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अकबराचा वकील असद बेग विजापूरला आदिलशहाच्या दरबारात आला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली. नवलाची वस्तू म्हणून ती आणि ओढायची नळी सजवून त्याने बादशहाला नेऊन दिली. दरबारातल्या वैद्याने विरोध केला, ही वस्तू आपल्याला माहीत नाही, आपल्या ग्रंथांत नाही. अकबराने आग्रहाखातर दोन-तीन झुरके घेतले आणि थांबला. त्याने ती सवय लावून घेतली नाही, असं असद बेगनेच लिहून ठेवलं आहे. पण दरबारी मंडळींनी मागणी केली, व्यापाऱ्यांनी ती विकायला आणली आणि तंबाखू पसरली. १६१७ मध्ये जहांगीरला तिच्यावर बंदी घालावी लागली. बंदीचं काय झालं ते आपण चौकाचौकांत बघतोच आहोत.

मला त्या गोष्टीत अकबर महत्त्वाचा वाटत नाही, दरबारी महत्त्वाचे वाटतात. बादशहासमोर आली म्हणून त्यांना ती हवी झाली. आधी प्रतिष्ठा आली, तंबाखू तिच्या मागोमाग. आजचा पाइप त्याच वाटेने येतो आहे.

आकडे सांगतो. २०१६-१७ च्या केंद्र सरकारच्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपलं खरं दुखणं खर्रा, मावा, गुटखा, मिश्री हेच आहे. मग पाइपवर एवढी पोस्ट कशाला, असं कोणी विचारेल. यासाठी, की सुशिक्षित मुलाच्या हातातली तंबाखू जोवर "शौक" आहे, तोवर खर्रा खाणाऱ्याला "सोड" म्हणायचं तोंड आपल्याला नाही. तो शहाणा असतो, त्याला दुटप्पीपणा लगेच दिसतो.

कायद्याने हा भेद केलेला नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या यादीत सिगारेट, विडी, गुटखा यांच्याबरोबर पाइपची तंबाखूही आहे. अठरा वर्षांखालच्याला विकायची नाही, सार्वजनिक जागी ओढायची नाही, जाहिरात करायची नाही, पाकिटावर इशारा हवा. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि पुडी कुठे मिळते हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे नुसत्या कायद्यावर माझी भिस्त नाही.

माझं म्हणणं साधं आहे. मोठ्यांनी मास्तरकी बंद करावी. पोराला खर्रा आणायला ठेल्यावर पाठवू नका. लग्नाच्या मांडवात नवख्या पोरापुढे "घे रे, एवढ्याने काही होत नाही" म्हणत पुडी सरकवू नका. बाल्कनीतल्या पाइपचं पाहुण्यांपुढे कौतुक करू नका. आणि जी पोरं सध्या "शिकून राहिली" आहेत त्यांना एवढंच सांगेन, सोडायला सगळ्यात सोपा काळ हाच आहे. जोवर गरगरतं, जीभ पोळते, मळमळतं, तोवर तुमचं शरीर तुमच्या बाजूने बोलतंय. ते ऐका. पाइप सुंदर वाटत असेल तर धुऊन-पुसून कपाटात ठेवा, लाकूड खरंच देखणं असतं.

ज्यांचं शिक्षण केव्हाच पूर्ण झालं आहे, त्यांच्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे : १८००-११-२३५६. त्या निवृत्त सरांना मी नंबर लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "पोराला पण दे एक."