पायाचा भाव विचारतो, अटी कोण वाचणार?

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को भागात आपल्या मंडळींनी बरीच घरं घेतली आहेत. खालची माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीचीच बहीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. मग भिंतीला तडा जातो, दार चौकटीत अडकतं आणि पाया दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा माणूस 'फुकट तपासणी'ला येतो. घराचा विमा जमीन हलल्याचं नुकसान सहसा देत नाही. म्हणजे सगळं खिशातून.

माझं मत स्पष्ट आहे. या माणसाच्या आधी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन बोलवा. टेक्सासमध्ये इंजिनिअरला राज्याचा परवाना लागतो, पाया दुरुस्तीच्या कंत्राटदाराला नाही. आणि विकणाराच निदान करणार असेल, तर पिअर कमी निघतील कशाला?

आपण घासाघीस करतो ती एकूण रकमेवर. खरी मेख 'प्रति पिअर' या दोन शब्दांत असते. त्या भावात खोली किती फूट धरली आहे? दाबून बसवलेला पिअर नेमका कुठे टेकेल, हे आधी कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. ठरावीक खोलीनंतर फुटाला वेगळा दर असेल, तर कोटेशन स्वस्त दिसतं, बिल नाही. कमाल खर्चाचा आकडा लिहूनच घ्या. देत नसतील तर दुसरी कंपनी बघा. घराच्या मधल्या पिअरसाठी फरशी फोडतात किंवा खालून बोगदा खणतात, तो बहुधा फुटावर मोजतात. घर उचलल्यावर सांडपाण्याच्या पाइपांची चाचणी करायला हवी. ती कोणाच्या खर्चाने, आणि गळती निघाली तर? टाइल आणि रंग बहुतेक तुमच्याच माथी.

'लाइफटाइम वॉरंटी'ही अशीच. अनेकदा ती फक्त बसवलेल्या पिअरपुरती असते, दुसरा कोपरा खचला की नवं बिल. घर विकलं तर नव्या मालकाच्या नावावर करायला मुदत आणि फी असू शकते. कंपनीच बंद पडली, तर कागद फ्रेम करून ठेवा.

ऑफिसात दोन ओळींच्या कोडला आपण रिव्ह्यू मागतो, इथे मात्र 'आजच सही केलीत तर सूट' ऐकून पेन उचलतो. तडा काही एका रात्रीत पडलेला नसतो. शिवाय घरी येऊन केलेल्या बहुतेक विक्रीत तीन कामकाजाच्या दिवसांत करार रद्द करायचा हक्क फेडरल नियमाने दिला आहे, त्याचा फॉर्म मागून घ्या. शेवटचा हप्ता मात्र काम झाल्यावर घेतलेल्या लेव्हलच्या नोंदी हातात आल्यावरच द्यावा.