स्वप्ननगरीतील विवाह आणि बाजाराचा न्याय

एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने कंपनीने आपल्या एका व्यापारी नियमात लहानसा बदल केला. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड, फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि कंपनीची प्रवासी जहाजे येथे ‘परीकथा विवाह’ या नावाने जो लग्नसोहळा विकला जातो, तो समलिंगी जोडप्यांनाही खुला करण्यात आला. सिंड्रेलाची बग्गी, तुताऱ्या वाजवणारे सेवक, समारंभी पोशाखातील मिकी आणि मिनी असा या सोहळ्याचा थाट. आणि त्याचा आरंभीचा दरच आठ हजार डॉलर्सच्या वर होता. वरवर पाहता ही श्रीमंतांच्या हौसेची बाब. परंतु नागरिकाला समानतेची वागणूक बाजाराकडून कितपत मिळू शकते आणि कोठे बाजाराचे हात आखूड पडतात, हे समजून घेण्यास हे उदाहरण फार उपयोगी आहे.

तत्पूर्वीचा नियम मोठा सोयीचा होता. समलिंगी जोडप्याने कंपनीच्या हॉटेलातील दालन भाड्याने घेऊन आपला समारंभ करण्यास हरकत नव्हती. मनाई होती ती या खास सोहळ्याला. कारण त्यासाठी राज्याचा वैध विवाह-परवाना दाखवावा लागे आणि तो त्या काळी दोन्ही राज्यांत अशा जोडप्यांना मिळत नसे. म्हणजे भेदभाव सरकारचा, कंपनी केवळ कागद मागणार! ती अट दूर होताच एक गोष्ट उघड झाली. कायद्याने ती कंपनीवर लादलेली नव्हती. बग्गी आणि मेजवानी विकण्यास विवाह-परवाना कशाला हवा?

गिऱ्हाइकांचा पूर्वग्रह

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ साली भेदभावाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की भेदभाव करणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते. चांगला कामगार वा चांगले गिऱ्हाईक केवळ आकसापोटी नाकारणारा मालक आपलाच नफा घटवतो आणि स्पर्धेत मागे पडतो. मात्र या सिद्धांताला एक महत्त्वाची मर्यादा आहे. पूर्वग्रह मालकाचा नसून गिऱ्हाइकांचा असेल, तर त्याला खतपाणी घालणे हेच फायद्याचे ठरते, आणि मग स्पर्धा भेदभाव नाहीसा करण्याऐवजी तो टिकवून धरते.

डिस्नेचा इतिहास या दोन्ही बाजूंची साक्ष देतो. १९८० साली डिस्नेलँडमध्ये एकमेकांबरोबर नाचणाऱ्या दोन तरुणांना नृत्याच्या जागेवरून हाकलण्यात आले. त्यांनी दावा लावला, १९८४ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढील वर्षी कंपनीने तो नियम सोडला. हा बदल बाजाराने नव्हे, न्यायालयाने घडवला. पुढे वारे फिरले. १९९६ पासून कंपनीने समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना आरोग्यविम्याचे लाभ देऊ केले. त्यावर दीड कोटीहून अधिक सभासद असलेल्या सदर्न बॅप्टिस्ट या धर्मसंघाने १९९७ मध्ये कंपनीवर बहिष्कार पुकारला. तो आठ वर्षे चालला. कंपनी मागे हटली नाही आणि २००५ मध्ये धर्मसंघानेच तो मागे घेतला. गिऱ्हाइकांचा कौल बदलल्याचा अंदाज कंपनीला आला होता. २००७ चा निर्णय त्यानंतर केवळ दोन वर्षांनी आला, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

जपानमध्येही हेच घडले. टोकियोच्या डिस्ने उद्यानात २०१२ मध्ये एका स्त्री-जोडप्याने विवाहसोहळ्याची चौकशी केली, तेव्हा दोघींपैकी एकीने पुरुषाचा पोशाख करावा असे त्यांना प्रथम सांगण्यात आले. इतर पाहुण्यांना काय वाटेल ही चिंता त्यामागे होती. नंतर ती अट मागे घेतली गेली आणि मार्च २०१३ मध्ये दोघींचा सोहळा वधूवेषातच पार पडला. सोहळा झाला, जपानच्या कायद्याच्या दृष्टीने विवाह मात्र झाला नाही.

जे विकत मिळत नाही

खरा मुद्दा येथेच आहे. मे २००७ मध्ये, म्हणजे डिस्नेच्या घोषणेनंतर पुढच्याच महिन्यात, न्यूयॉर्कच्या ईडिथ विंडसर आणि थिया स्पायर या दोन वृद्ध स्त्रियांनी कॅनडात टोरांटोला जाऊन विवाह केला. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या एकत्र राहत होत्या. २००९ मध्ये स्पायर यांचे निधन झाले, तेव्हा विंडसर यांच्याकडून ३,६३,०५३ डॉलर्सचा वारसाकर वसूल करण्यात आला. पतीच्या पश्चात पत्नीला हा कर भरावा लागत नाही. पण १९९६ च्या केंद्रीय कायद्याने त्या परस्परांच्या कोणीच नव्हत्या. हा अन्याय दूर झाला तो २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, आणि विवाहाचा हक्क अमेरिकेतील सर्व राज्यांत मान्य झाला तो २०१५ मध्ये. दरम्यान कॅलिफोर्नियाने २००८ च्या जूनमध्ये असे विवाह सुरू केले आणि नोव्हेंबरमध्ये जनमताने बंद केले. फ्लॉरिडात तर ते २०१५ च्या जानेवारीपर्यंत होऊच शकले नाहीत. या साऱ्या काळात डिस्नेची बग्गी मात्र नेमाने धावत होती. तिच्यातून उतरलेल्या जोडप्याला वारसा, निवृत्तिवेतन वा करसवलत यांपैकी काहीही मिळत नव्हते.

शिवाय बाजाराचा पाठिंबा बेतापुरताच असतो. शाळांतील समलैंगिकतेच्या चर्चेवर बंधने घालणारा कायदा २०२२ मध्ये फ्लॉरिडात आला, तेव्हा डिस्नेचे चालक आरंभी मौन बाळगून होते. कर्मचारी संतापले तेव्हा त्यांना तोंड उघडावे लागले. राज्य सरकारनेही उट्टे काढले आणि १९६७ पासून कंपनीच्या हाती असलेला तेथील विशेष विभागाचा कारभार २०२३ मध्ये आपल्या ताब्यात घेतला. सत्तेशी गाठ पडली की एवढी बलाढ्य कंपनीही चाचपडते, तेथे लहान व्यापाऱ्याची काय कथा?

भारतातील वाचकाला हा प्रश्न परका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार देऊन तो विषय विधिमंडळावर सोपवला. २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले, की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नाव नामनिर्देशनात घालण्यास कोणतीही आडकाठी नाही. हे पाऊल स्वागतार्हच. परंतु नामनिर्देशित व्यक्ती कायद्याने वारस ठरत नाही, हे बँकेतील कोणताही कारकून सांगेल. मृत्युपत्र नसेल, तर पैसा अखेर रक्ताच्या नातेवाइकांकडेच जातो. उद्या एखादे आलिशान हॉटेल अशा जोडप्यांसाठी सनई-चौघडा वाजवू लागले, तरी त्या स्थितीत फरक पडणार नाही.

म्हणून बाजाराची टवाळी करण्याचे कारण नाही. ज्याला काल दारातून परत पाठवले, त्याला आज नावाने बोलावून बसवले जाते, याने समाजाची नजर सरावते आणि कायद्याची वाट थोडी सोपी होते. परंतु बाजार माणसाला ओळखतो तो गिऱ्हाईक म्हणून, आणि ती ओळख पैसे संपेपर्यंतच टिकते. आठ हजार डॉलर्स ज्याच्यापाशी नाहीत, त्याच्यासाठी ते दार २००७ पूर्वीही बंद होते आणि नंतरही बंदच राहिले. विवाह नोंदणी कचेरीतील साध्या टेबलावर मिळणारा कागद मात्र गिरणी कामगाराला आणि कारखानदाराला सारख्याच किमतीत मिळतो. तो कागद द्यायचा की नाही, याचे उत्तर व्यापाऱ्यांकडून नव्हे, लोकप्रतिनिधींकडूनच मागावे लागेल.