सैगलांची सावली : अनुकरण आणि प्रामाणिकपणा

१/ १९४५ साली ‘पहली नजर’ प्रदर्शित झाला. अनिल विश्वास यांच्या संगीतात एका नवख्या गायकाचे गाणे ऐकून अनेकांना वाटले, कुंदनलाल सैगलच गात आहेत. खुद्द सैगलही चकित झाले, अशी आख्यायिका आहे. तो गायक म्हणजे मुकेश. पूर्वसूरींची छाया दिसताच आज ‘नक्कल’ असा शिक्का मारला जातो. इतिहासाचा निवाडा मात्र इतका सरळ नाही.

२/ छाया सैगलांचीच का? रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी खुल्या, चढ्या गळ्याने गावे लागे. मायक्रोफोनने ती सक्ती संपवली. कानाशी बोलल्यासारखे हळुवार गाणे शक्य झाले आणि ‘देवदास’च्या (१९३५) काळात सैगलांनी त्या शक्यतेला रूप दिले. पुढच्या पिढीसाठी ते चित्रपटगीताचे विद्यापीठच ठरले.

३/ त्या विद्यापीठात मुकेश एकटे नव्हते. ‘जिद्दी’तील (१९४८) किशोरकुमारांचे गाणे सैगलांच्याच वळणाचे आहे. लता मंगेशकरांच्या आरंभीच्या गाण्यांवर नूरजहाँची छाप स्पष्ट ऐकू येते. मास्टर विनायकांच्या ‘बडी माँ’मध्ये (१९४५) नायिका नूरजहाँ होत्या आणि लहानशा भूमिकेत लता.

४/ यांतले कोणी अप्रामाणिक होते काय? मुळीच नाही. ज्याच्या गाण्याने जीव भारला, त्याच्यासारखे गावेसे वाटणे ही निष्ठाच. प्रत्येक घराण्यातील शिष्य आधी गुरूची तान हुबेहूब उचलतो. अनुकरण हे शिक्षणाचे पहिले इयत्तापुस्तक आहे.

५/ परंतु केवळ निष्ठा पुरत नाही, हेही त्याच इतिहासाने दाखवले. सी. एच. आत्मा यांचा गळा गोड, भक्ती निखळ. तरीही त्यांची ओळख अखेरपर्यंत ‘सैगलांसारखे गाणारे’ अशीच राहिली. याउलट ‘आग’ (१९४८) आणि ‘अंदाज’च्या (१९४९) सुमारास मुकेश यांचा स्वतःचा व्याकूळ स्वर आकार घेऊ लागला. सैगलांकडून शिकलेला संयम त्यांनी ठेवला, उच्चारांची लकब सोडली.

६/ पुढे कॅसेटचे युग आले. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जुनी गाणी नव्या गळ्यांतून स्वस्तात विकली गेली. आता आवाजातील साम्य शिक्षणासाठी नव्हते, विक्रीसाठी होते. मूळ गायक समजून कोणी कॅसेट घेतली, तर ती व्यापाराची सोयच होती.

७/ प्रताधिकार कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने नेमके येथे बोट ठेवले. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे उलटल्याशिवाय कव्हर व्हर्शन काढता येत नाही. वेष्टनाने ग्राहकाची दिशाभूल होता कामा नये आणि हे कव्हर व्हर्शन आहे, असे त्यावर छापावे लागते. म्हणजे पुन्हा गाणे हा अपराध नाही. लपवणे हा अपराध.

८/ आज प्रश्न अधिक टोकदार आहे. २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाजाची प्रतिकृती बनवणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने अरिजीत सिंह यांना अंतरिम संरक्षण दिले. सैगलांचा स्वर गळ्यात उतरवताना मुकेश स्वतः घडत होते. यंत्र स्वर उचलते, पण त्या मेहनतीतून कोणताही नवा गायक घडत नाही.

९/ म्हणून ‘हा कोणासारखा गातो?’ एवढ्यावर कोणालाही खोटे ठरवू नये. विचारावेत ते दोन प्रश्न : ऋण उघडपणे मान्य केले आहे काय? आणि त्या ऋणावर स्वतःचे काही उभे राहिले काय? पहिल्याचे उत्तर प्रामाणिकपणा सांगते, दुसऱ्याचे कला. सैगलांच्या सावलीत अनेक जण वाढले. स्मरणात राहिले ते त्या सावलीतून उन्हात चालत गेलेले.