भिंतीवरची आडत



आपल्या घरांत कापड, भुसार, सोने-चांदी, औषधे, पोलाद यांच्या व्यापाराची चर्चा जेवणाच्या पानावरही होत असते. चित्रांच्या व्यापाराची चर्चा मात्र सहसा होत नाही. अलीकडे काही घरांतील मुले-मुली कलाशिक्षण घेऊन परततात आणि दुकानाचा एखादा गाळा किंवा जुन्या वाड्याची ओसरी मागतात. तेथे त्यांना छोटेसे कलादालन काढायचे असते. वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “त्यात मिळते काय?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, अत्यंत योग्य आहे. फक्त त्याचे उत्तर कलेच्या भाषेत दिले जाते, म्हणून ते वडिलांना पटत नाही. ते व्यापाराच्या भाषेत देण्याचा हा प्रयत्न आहे.

कलादालनाचा मालक हा मुख्यतः आडत्या असतो. शेतकरी आपला माल आडत्याच्या गाळ्यावर आणून टाकतो. माल आडत्याच्या ताब्यात असतो, पण त्याच्या मालकीचा नसतो. तो गिऱ्हाईक शोधतो, भाव ठरवतो, आडत वजा करतो आणि उरलेल्या रकमेची पट्टी शेतकऱ्याच्या हाती देतो. चित्रकार आणि कलादालन यांचे नाते बहुधा याच धर्तीचे असते. चित्रे विक्रीसाठी ठेवायला येतात. विकली तर कलादालन आपले कमिशन घेते आणि न विकलेली परत जातात. हे कमिशन सर्वसाधारणपणे विक्रीमूल्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असते. भुसाराच्या आडतीशी तुलना करता हा आकडा डोळे विस्फारायला लावतो. म्हणूनच त्यामागचा हिशोब पाहणे आवश्यक आहे.

समजा, एका नव्या चित्रकाराची दहा चित्रे प्रत्येकी ६० हजार रुपयांस लावली. तीन आठवड्यांत चार विकली गेली, तर ते चांगलेच यश मानावे लागेल. विक्री झाली २ लाख ४० हजारांची. ४० टक्क्यांप्रमाणे कमिशन ९६ हजार. आता खर्च पाहू. जागेचे भाडे व वीज ५५ हजार, निमंत्रणे व सूचिपुस्तिका २० हजार, चौकटी व वाहतूक १८ हजार, मदतनिसाचा पगार २५ हजार. एकूण १ लाख १८ हजार. म्हणजे यशस्वी म्हणावे अशा प्रदर्शनाअंती मालकाला २२ हजारांची तूट आली. आडत्याचा माल आठ दिवसांत उठतो. कलादालनाचा माल उठायला कधी आठ वर्षे लागतात. त्या चित्रकाराचे नाव होईपर्यंत दालनमालकाने तग धरायचा असतो आणि नाव झाल्यावर तोच चित्रकार मोठ्या दालनाकडे गेला, तर ते मुकाट्याने सोसायचे असते.

बँकही येथे फारशी उपयोगी पडत नाही. कर्जविभागात बसलेला अधिकारी प्रथम तारण पाहतो. भिंतीवर ५० लाखांची चित्रे दिसत असली, तरी ती विक्रीसाठी ठेवायला आलेली असल्याने मालकाला ती गहाण ठेवता येत नाहीत. त्याने स्वतः विकत घेतलेली चित्रे असली, तरी त्यांची किंमत कोणी ठरवावी आणि वसुलीच्या वेळी ती कोण विकत घेईल, या दोन प्रश्नांपाशी प्रस्ताव अडतो. त्यामुळे या धंद्याचे खरे भांडवल म्हणजे घरचा दुसरा एखादा स्थिर व्यवसाय आणि गावातील पत.

मुंबईतील एक सुविदित उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. केकू गांधी हे पारशी गृहस्थ. जन्म १९२०. केंब्रिजला शिकत असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांना मुंबईतच राहावे लागले. १९४१ मध्ये त्यांनी चित्रांच्या चौकटी बनवण्याचा धंदा सुरू केला. ‘केमोल्ड’ हे त्याचे नाव. नव्या वळणाच्या चित्रकारांना त्या काळी चित्रे लावायला जागा मिळणे दुरापास्त होते. हुसेन, रझा, सूझा, आरा, गाडे आणि बाकरे यांनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला, तेव्हा त्यांची नावे आजच्यासारखी घरोघरी पोचलेली नव्हती. केकूंनी प्रिन्सेस स्ट्रीटवरील चौकटींच्या दुकानात अशा चित्रकारांची चित्रे लावायला सुरुवात केली. गिऱ्हाईक यायचे चौकटीसाठी, पण चौकटीतले चित्रही त्याच्या नजरेस पडायचे.

पुढे सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून काळा घोडा येथे जहांगीर कलादालन उभे राहिले आणि १९५२ मध्ये ते खुले झाले. त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील लहानशा जागेत केकू आणि त्यांच्या पत्नी खोरशेद यांनी १९६३ मध्ये ‘गॅलरी केमोल्ड’ सुरू केली. भूपेन खख्खर यांची चित्रे या दालनाने लावली. हे चित्रकार शिक्षणाने सनदी लेखापाल होते आणि बडोद्यात हिशोबनिसाचे काम करीत चित्रे काढत असत, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. १९७५ मध्ये येथेच जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांचे प्रदर्शन झाले. लग्नप्रसंगी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी ही चित्रे भास्कर कुलकर्णी यांच्या नजरेने हेरली आणि मुंबईच्या कलादालनात ती आली. ती विकली जातील याची हमी त्या दिवशी कोणी दिली असती, असे वाटत नाही. २०११ मध्ये म्हसे यांना पद्मश्री मिळाली. केकूंना ती २००९ मध्ये मिळाली होती. १९८८ पासून कन्येने दालनाची सूत्रे हाती घेतली, २००७ मध्ये ते फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवरील प्रशस्त जागेत गेले आणि २०१२ मध्ये केकूंचे निधन झाले.

यातील कालगणना लक्षात घ्यावी. चौकटींचा धंदा १९४१चा आणि कलादालन १९६३चे. मध्ये २२ वर्षे गेली. आधी पोट भरणारा धंदा, मग मन भरणारा. आपल्या समाजातही दुकानाच्या गल्ल्यावरच पाठशाळा, पांजरपोळ आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. म्हणून कलादालन काढू पाहणाऱ्या मुलीला घरच्यांनी “हे कर किंवा ते कर” अशा पेचात टाकू नये. चौकटींचे, छपाईचे किंवा घरसजावटीचे एखादे नित्य उत्पन्न जोडीला असू द्यावे.

तथापि भांडवलापेक्षाही मोठा प्रश्न नीतीचा आहे आणि आपल्या परंपरेने त्याचा विचार फार पूर्वीच करून ठेवला आहे. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांतील तीन अतिचार कलादालनाच्या मालकाने आपल्या गादीसमोर लिहून ठेवावेत, इतके नेमके लागू पडतात.

पहिला न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत तो येतो. वरील उदाहरणात दालनाच्या खात्यात २ लाख ४० हजार जमा झाले. त्यांपैकी मालकाचे ९६ हजार. १ लाख ४४ हजार चित्रकाराचे. पण खाते एकच असले की पुढच्या महिन्याचे भाडे त्यातूनच जाते. “पुढची विक्री झाली की देऊ,” असे मन समजूत घालते. या धंद्यातील बहुतेक तंटे येथून जन्म घेतात. चित्रकार बहुधा भिडस्त असतो, वसुलीला येत नाही. त्यामुळे हा दोष झाकलाही जातो. म्हणून चित्रकारांच्या पैशासाठी पहिल्या दिवसापासून वेगळे बँक खाते असावे. गिऱ्हाईक हप्त्यांनी पैसे देणार असेल, तर प्रत्येक हप्त्यातील चित्रकाराचा वाटा त्याच आठवड्यात त्याच्याकडे जावा.

दुसरा कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा कागद करणे. हाही सत्याणुव्रताचाच अतिचार. चित्राची किंमत तागडीने मोजता येत नाही, म्हणून अर्धे पैसे रोख आणि अर्ध्याचे बिल, हा मोह येथे फार. हा मोह दाखवणारा पुष्कळदा दालनाचा मालक नसतो. दाखवतो तो गिऱ्हाईक, आणि तो आपल्यापैकी असण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे स्पष्टच लिहितो. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. शिवाय १ एप्रिल २००८ पासून चित्रे आणि शिल्पे ही वैयक्तिक वापराच्या वस्तूंच्या सवलतीतून वगळली गेली असून त्यांच्या विक्रीवरील नफा भांडवली नफा म्हणून करपात्र आहे. अर्ध्या किमतीचे बिल घेणारा पुढे चित्र विकेल, तेव्हा त्याचाच करपात्र नफा फुगलेला दिसेल. शिवाय अशा व्यवहाराने चित्रकाराच्या हिशोबपट्टीतही खोटा आकडा शिरतो, हा अपराध वेगळाच.

तिसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे. हा अचौर्याणुव्रताचा अतिचार. दिवंगत नामवंत चित्रकारांच्या नावावर बनावट चित्रे विकणारे बाजारात आहेत. “जुन्या घरातून निघाले, स्वस्तात मिळते आहे,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. छोट्या दालनाला एका अशा विक्रीत वर्षाचे भाडे सुटल्यासारखे वाटते. ज्या चित्राचे जुने बिल, जुन्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेतील नोंद किंवा चित्रकाराचे वा त्याच्या कुटुंबाचे प्रमाणपत्र नाही, ते भिंतीवर लागू नये. हयात चित्रकारांचीच चित्रे विकणाऱ्या लहान दालनाला येथे एक सोय आहे. शंका आली, तर खुद्द चित्रकाराला विचारता येते.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहू. वर्तमानपत्रांत लिलावाचे आकडे येतात. तय्यब मेहता यांचे ‘महिषासुर’ २००५ मध्ये न्यूयॉर्कला १५ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ २०२५ मध्ये १ कोटी ३८ लाख डॉलरांपर्यंत पोचले. ते वाचून चित्र म्हणजे सोन्याची लगडी, असा समज होतो. परंतु २००५ नंतरच्या तेजीत भावाच्या आशेने चित्रे घेणाऱ्यांना २००८ च्या मंदीत गिऱ्हाईक मिळेना, हेही स्मरणात ठेवावे. आणि लिलावातील तो पैसा जातो शेवटच्या मालकाकडे; पहिल्यांदा चित्र लावण्याचे धाडस करणाऱ्या दालनाकडे त्यातील एक रुपयाही येत नाही. चित्रकारासाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये तरतूद आहे. १० हजार रुपयांवरील पुनर्विक्रीत मूळ चित्रकाराला वा त्याच्या वारसांना वाटा मिळावा आणि तो जास्तीत जास्त १० टक्के असावा, असे ते कलम सांगते. प्रत्यक्ष व्यवहारात ते क्वचितच पाळले जाते. कायद्याने न मागताही असा वाटा चित्रकाराच्या घरी पोचवणारा विक्रेता मी खरा श्रावक मानीन.

काही वाचक विचारतील, अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्याने चित्रे जमवावीतच का? शंका रास्त आहे. आपल्याच इतिहासात तिचे उत्तर सापडते. पश्चिम भारतातील श्रावकांनी शतकानुशतके कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या लिहवून घेतल्या, त्यांत सोन्याची शाई आणि मौल्यवान निळा रंग वापरला. लेखक आणि चितारी यांची घरे त्यावर चालली. पोथी तयार झाली की ती साधूंना अर्पण होई आणि ज्ञानभांडारात जाई. दात्याच्या कुटुंबाची नोंद अखेरच्या प्रशस्तीत राही. पाटण आणि जैसलमेरची भांडारे अशा दानानेच समृद्ध झाली. संग्रह किती असावा याला मर्यादा घालणे हे परिग्रह-परिमाण व्रताचे सांगणे आहे. कारागिराला काम देऊ नये, असे ते सांगत नाही. दिवाणखान्यात एखादे मनापासून आवडलेले चित्र असावे. त्यापुढील शाळेला, रुग्णालयाला, ग्रंथालयाला द्यावे.

आपल्या गावात असे एखादे छोटे दालन असेल, तर एका रविवारी मुलाबाळांसह तेथे जावे. बघण्याचे पैसे पडत नाहीत. नव्या घरासाठी छापील चित्र मागवण्यापूर्वी त्याच रकमेत स्थानिक चित्रकाराचे छोटे अस्सल चित्र मिळते का, हे विचारावे. मिळाले तर पूर्ण बिल मागावे, भाव फार ओढू नये आणि पैसे ठरल्या तारखेला द्यावेत. उधारी थकलेल्या आडत्याची अवस्था आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आणि घरातीलच कोणी दालन काढण्याचा हट्ट धरून बसले असेल, तर त्याला चार गोष्टी विचाराव्यात. पाच वर्षे दालनातून घरखर्च निघाला नाही, तर तो कोठून येईल? चित्रकारांशी लेखी करार आहे का? त्यांच्या पैशाचे खाते वेगळे आहे का? प्रत्येक चित्राचे नाव, आकार, साल, किंमत आणि आल्या-गेल्याची तारीख लिहिलेले साठापुस्तक आहे का? चारही उत्तरे समाधानकारक मिळाली, तर गाळ्याची किल्ली त्याच्या हाती द्यावी. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे ३५ गुण सांगताना न्यायाने मिळवलेल्या धनाला पहिले स्थान दिले आहे. ते धन कापडातून आले की कॅनव्हासवरून, याला महत्त्व नाही.

पुढील अंकी घरातील जुने दागिने आणि मौल्यवान वस्तू यांची मृत्युपत्रात नोंद कशी करावी, याचा विचार करू.