जेटलींवर राग धरा, पण कायदा शिका

नोटबंदी झाली तेव्हा मी बारावीत होतो. भिवंडीत अब्बांचे आठ लूम होते आणि कारागिरांचा पगार दर आठवड्याला रोख द्यावा लागे. नोटाच नसल्याने लूम बंद पडले, कारागीर गावी निघून गेले. त्या दिवसांत आमच्या घरात अर्थमंत्री अरुण जेटली यांचे नाव रागानेच निघायचे.

आज मी वकिली करतो. तो राग गेलेला नाही, पण हा माणूस मला आता वेगळा दिसतो.

१९७४ मध्ये ते दिल्ली विद्यापीठ विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले. आणीबाणीत १९ महिने स्थानबद्ध होते, खटल्याविना. पुढे मोठे वकील झाले. व्ही. पी. सिंग सरकारने त्यांना अतिरिक्त सॉलिसिटर जनरल नेमले. लोकसभा त्यांनी एकदाच लढवली, २०१४ मध्ये अमृतसरमधून, आणि हरले. तरीही अर्थमंत्री झाले. त्यांची ताकद सभेतल्या गर्दीत नव्हती, कलमे आणि पोटकलमे जाणण्यात होती.

ही ताकद त्यांनी कशासाठी वापरली? जीएसटीसाठी सगळ्या राज्यांना एका टेबलावर बसवले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण २०१६ मध्ये आधार विधेयक त्यांनी 'धन विधेयक' म्हणून मांडले. धन विधेयकावर राज्यसभा फक्त शिफारस करू शकते, ते अडवू शकत नाही. तेव्हा राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हते. २०१७ मध्ये निवडणूक रोख्यांची तरतूदही वित्त विधेयकातूनच आली. ज्या राज्यसभेत ते पाच वर्षे विरोधी पक्षनेते होते, तिलाच त्यांनी बाजूला सारले. खटल्याविना कोठडी भोगलेल्या माणसाला सत्तेवरचा अंकुश किती मोलाचा असतो, हे कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच हे जास्त खुपते.

निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. तोवर सात वर्षे गेली होती आणि जेटलीही हयात नव्हते. पण हे रोखे मोर्चाने किंवा व्हॉट्सॅपवरच्या संतापाने पडले नाहीत. काही लोकांनी कायदा वाचला, याचिका लिहिली आणि तारखांवर तारखा सोसल्या.

मित्रांनो, माझा मुद्दा हाच आहे. २०२४ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक आले तेव्हा आपल्या प्रत्येक ग्रुपवर आग होती. मी माझ्या ग्रुपवर विचारले, 'मूळ मसुदा कुणी वाचला?' कुणीच उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर तोवर मीही तो अर्धाच वाचला होता.

आपल्या मोहल्ल्यात डॉक्टर आणि इंजिनीअर व्हायचे स्वप्न घरोघरी असते. वकील व्हायचे म्हटले की अब्बा विचारतात, 'त्यात काय ठेवलंय?' मलाही विचारले होते. त्यात सगळेच ठेवले आहे, अब्बा. लूम कशामुळे थांबले, ते ठरवणारे कागदही त्यातच आहेत.

विधेयके संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुढचे विधेयक येईल तेव्हा आधी ते वाचा. संतापायला नंतर भरपूर वेळ मिळेल, आणि तेव्हा त्या संतापाला कलमाचा आधारही असेल.