जुने इंजिन, नवा मॅनिफोल्ड



गोडदेवच्या एका घरी महायुद्धकाळातील विलीज जीप जपून ठेवली आहे. सुगीत भाजीच्या पाट्याही वाहते. परवा मालक म्हणाले, "साहेब, गाडी जोर धरत नाही. मिस्त्री म्हणतो, नंतरच्या जीपचा मॅनिफोल्ड चढवू. पैसे घालू का?"

"दादा, आधी इंजिन पाहू," मी म्हटले.

कार्बोरेटरमधले हवा-पेट्रोल प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारा ओतीव नळ म्हणजे हा मॅनिफोल्ड. विलीजच्या जुन्या 'गो डेव्हिल' इंजिनात तो ब्लॉकच्या बाजूला नटांनी कसलेला असतो. १९५३ साली आलेल्या सीजे-३बी जीपच्या 'हरिकेन' इंजिनात मात्र तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे. जो सुटा निघतच नाही, तो चढवायचा कसा?

दुसऱ्या इंजिनाचा सुटा मिळाला, तरी जुने पॅकिंग त्यावर ठेवून भोके जुळतात का पाहावे. फट राहिली की जादा हवा शिरते, त्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि झडपा जळतात.

मग थंड इंजिन सुरू करून जोडावर पाण्याचे थेंब सोडले. आवाज लगेच बदलला. फट तिथेच होती! नवे पॅकिंग घातले, नट सारखे कसले. जीप सुरळीत झाली.

ही तपासणी पेट्रोल शिंपडून कधीही करू नका. शेजारीच धुराड्याचा तापणारा नळ असतो.

तेव्हा नव्या भागाला पैसे मोजण्याआधी जुने पॅकिंग तपासा.